शर्टाची कुंडली

माझा पांढरा शर्ट कॉलरपाशी विरला. एवढंच झालं होतं. माणसाने दुकानात जावं, मापाचा शर्ट उचलावा, पैसे द्यावेत, घरी यावं. पण नेमका त्याच आठवड्यात लेकीच्या शाळेने 'आपले कपडे कोण बनवतं?' हा प्रकल्प दिला आणि तिला घरबसल्या एक गिऱ्हाईक सापडलं.

"बाबा, घे शर्ट, पण आधी कंपनी कशी आहे ते बघ," असं म्हणून तिने सतरा प्रश्नांचा कागद माझ्या हातात ठेवला. वय वर्षं अकरा. मला नोकरीच्या मुलाखतीतही सतरा प्रश्न कोणी विचारले नव्हते. तिथे दोनच होते आणि त्यातला दुसरा 'कधीपासून येता?' हा होता.

पहिल्या कंपनीची वेबसाइट इतकी हिरवी होती की शर्ट विकतात की रोपं, हे कळायला वेळ लागला. ओंजळीत रोपटं धरलेले दोन हात, दवबिंदू, आणि शेतात उभी राहून कारण नसताना हसणारी एक बाई. खाली लिहिलं होतं, 'आम्ही शाश्वततेच्या प्रवासात आहोत.' गाडी कुठून सुटली, कुठवर आली आणि पोचणार कधी, याचा पत्ता नाही. असल्या मोघम बोलण्याला लगाम घालायला युरोपियन युनियनने 2024 साली निर्देश काढला आणि अंमलासाठी 27 सप्टेंबर 2026 ही तारीख ठरवली. पुराव्याशिवाय नुसतं 'पर्यावरणपूरक' म्हणायचं नाही. हा नियम माणसांनाही लावला, तर माझे निम्मे नातेवाईक गप्प बसतील.

दुसऱ्या कंपनीचा शर्ट बांबूचा होता. बांबू म्हटलं की मन कसं हलकं होतं. खत नको, फवारणी नको, भराभरा वाढतो. मी जवळजवळ घेतलाच होता. मग वाचलं, की हे बहुतेक मऊसूत 'बांबू कापड' म्हणजे व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनचाच एक प्रकार असतं. बांबूचा लगदा करायचा, तो कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमधून काढायचा आणि त्याचे धागे ओढायचे. कार्बन डायसल्फाइड कामगाराच्या मज्जासंस्थेला घातक. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2009 मध्येच काही कंपन्यांना बजावलं होतं, की याला बांबू म्हणू नका, रेयॉन म्हणा. थोडक्यात, शर्टात बांबू शोधणं म्हणजे कागदाच्या वहीत पोपटाची ढोली शोधणं.

मग मी लेबलांकडे वळलो. 'ओइको-टेक्स स्टँडर्ड 100' असं लेबल दिसलं आणि बरं वाटलं. त्याचा अर्थ, तयार कपड्यात अंगाला अपाय करणारी रसायनं मर्यादेबाहेर नाहीत. म्हणजे माझी कातडी सुरक्षित. कापूस कसा पिकवला आणि शिवणाऱ्याला काय मिळालं, हे सांगणं त्या लेबलाचं कामच नाही. 'गॉट्स' हे सेंद्रिय कापडाचं लेबल जास्त कडक: 'ऑरगॅनिक' म्हणायला किमान 95 टक्के सेंद्रिय धागा लागतो आणि कामगारांविषयीच्या अटीही असतात. 70 टक्के असेल तर 'सेंद्रिय धागा वापरून बनवलेला' एवढंच म्हणता येतं. या दोन वाक्यांतला फरक समजावून सांगताना हिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अहो, शर्ट आणताय की वकील लावताय?"

आणि जुन्या बाटल्यांपासून केलेला तो पॉलिएस्टर! बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. शर्टाचा मात्र पुन्हा शर्ट क्वचितच होतो. शिवाय धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू सुटतात ते वेगळेच. याला मी पाचात दोन गुण दिले. नंतर दीड केले.

सगळ्यात डोकं फिरलं ते कापूस चांगल्या रीतीने पिकवायला लावणाऱ्या 'बेटर कॉटन' या उपक्रमाच्या हिशेबाने. त्यात 'मास बॅलन्स' नावाची पद्धत चालत आली आहे. कंपनीने अमुक टन चांगल्या रीतीने पिकवलेल्या कापसाला पाठबळ द्यायचं, मग तो कापूस वाटेत इतर कापसात मिसळला तरी हरकत नाही. बँकेत आपण भरलेली नोट आपल्याला परत मिळत नाही, तसंच. तर्काला धरून आहे, मी नाही म्हणत नाही. पण पुण्य खात्यावर जमा आणि शर्ट भलत्याच कापसाचा, हे लेकीला पटेना. तिने त्या रकान्यात 'चीटिंग?' असं लिहिलं. प्रश्नचिन्ह मी घालायला लावलं.

एव्हाना बारा दिवस झाले होते आणि कापडापलीकडे मी गेलोच नव्हतो. माणसं राहिली होती. मी एका कंपनीला पत्र धाडलं: हा शर्ट कोणत्या कारखान्यात शिवला? उत्तर आलं, 'आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. मापांचा तक्ता सोबत जोडला आहे.' पुन्हा विचारलं, शिवणाऱ्याला पगार किती? 'आमचे सर्व पुरवठादार स्थानिक कायद्याचं पालन करतात.' वाक्य सुबक आहे. पण कायद्यातलं किमान वेतन वेगळं आणि ज्यात घर चालेल ते वेतन वेगळं. कितीतरी ठिकाणी या दोहोंच्या मध्ये अख्खी महिनाअखेर मावते.

इथे थोडा वेळ मला विनोद सुचत नाही. बांगलादेशात ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला 23 एप्रिल 2013 रोजी तडे गेले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, कारण माल वेळेत जायचा होता. इमारत कोसळली, 1,100 हून अधिक माणसं मेली. ढिगाऱ्यात लेबलं सापडली, तेव्हा काही कंपन्या म्हणाल्या, आमचा माल इथे शिवला जातो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याआधीच्या सप्टेंबरात कराचीत ज्या कारखान्याला आग लागून 250 हून अधिक लोक गेले, त्याला काही आठवड्यांपूर्वीच चांगल्या कारभाराचं सर्टिफिकेट मिळालं होतं.

हे वाचल्यापासून सर्टिफिकेटपेक्षा मी साधी यादी बघतो. कारखान्यांची नावं, पत्ते, कामगार किती. जी कंपनी ही यादी छापते तिला निदान कोणी जाऊन विचारू तरी शकतं. त्यातही बहुधा शिलाईचेच कारखाने असतात. खाली कापड, रंगाई, सूतगिरणी, जिनिंग आणि शेत, अशा पायऱ्या उतरत जावं तसा अंधार वाढतो. आणि वर्षाला एकूण कपडे किती बनवता, या साध्या प्रश्नाला तर बहुतेक मोठ्या कंपन्या उत्तरच देत नाहीत.

ब्रिटनचा 2015 चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा वाचून मात्र मी उठून उभा राहिलो. मोठ्या कंपन्यांनी पुरवठा साखळीतली गुलामगिरी रोखायला काय केलं, याचं निवेदन दरवर्षी द्यायचं. आणि काहीच केलं नसेल तर? तर 'आम्ही काहीही केलेलं नाही' असं निवेदन दिलं तरी कायद्याला चालतं. शाळेत गृहपाठाला हा नियम असता, तर मी दरवर्षी पहिला आलो असतो.

एकविसाव्या दिवशी सतरापैकी नऊ प्रश्नांना उत्तरं होती, शर्ट नव्हता, आणि सोमवारी मला तो लागणार होता. शेवटी मी जुन्याचीच कॉलर उसवून, उलटवून पुन्हा शिवायचं ठरवलं. विरलेली बाजू आत, धड बाजू बाहेर.

शिवणाचा डबा उघडलेला दिसताच ही म्हणाली, "बसलाच आहात तर माझ्या पिशवीचा बंद पण घाला. सकाळपर्यंत हवा." अर्ध्या तासाने आली: "काळा दोरा नको, तपकिरी घ्या." मी उसवलं. पुन्हा आली: "आणि उशीचे दोन अभ्रे." मुदत तीच. कारखानदार रात्रपाळी का लावतात, हे मला कुठल्याही अहवालापेक्षा त्या रात्री जास्त कळलं.

नऊ वाजता लेकीने आरोळी दिली, "बाबा, दहा मिनिटांत तपासणीला येते!" मी लगबगीने चिंध्या पलंगाखाली सारल्या, दिवा जवळ ओढला आणि हसतमुख बसलो. ती कागद घेऊन आली.

"कामाचे तास?"

"चार. जेवायची सुट्टी नाही."

"मजुरी?"

"अजून बोलणं झालेलं नाही."

"दुखापत?"

मी बोट दाखवलं. तिने सहानुभूती न दाखवता नोंद केली.

"सुई कोणी ओवली?"

मला जवळचं दिसत नाही, हे तिला माहीत होतं. "तूच की मघाशी. चारदा."

तिने पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बालमजूर सापडला.'