दादा, सुट्टी म्हणजे चोचले नव्हेत

दादा, चार दिवसांच्या आठवड्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. चार दिवसांचा आठवडा हे पुण्याच्या एसीतल्या लोकांचे चोचले, कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) एक दिवस घरी बसलं की एक हजेरी बुडते, आणि रिकामा माणूस पिऊनच पडणार, असं तुमचं म्हणणं.

हजेरीचं एकदम खरंय, ते मी लेखात नीट लिहायला पाहिजे होतं. पगार कापून दिलेली सुट्टी मलाही नको, तिनं उलट घोर वाढतो. ब्रिटनमध्ये २०२२ ला ६१ कंपन्यांनी सहा महिने चार दिवसांचा आठवडा करून बघितला तो पगार तेवढाच ठेवून, आणि शेवटी ७१ टक्के लोक म्हणाले की कामानं पार पिळून निघाल्यासारखं वाटायचं ते कमी झालं. ऑफिसवाल्या कंपन्या त्यात जास्त होत्या, हे पण मान्य.

पण पिऊन पडतील हे नाही पटत ओ. माझे मामा वीस वर्षं फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे साचे करायच्या कामाला होते. रविवारी सकाळी चहा घेताना हात थरथरायचा, म्हणून मामी कप अर्धाच भरायची. आणि त्याच एका रविवारात दळण, रेशन, कुणाचं तरी लग्न, जोतिबाला जाऊन येणं. पायाला मुंग्या येत होत्या, पण उपाशीपोटी रक्त द्यायचं तर फर्स्ट शिफ्ट सातला आणि रविवारी लॅब बंद, असं करत करत आठ महिने गेले, तपासली तेव्हा शुगर चारशेच्या वर. मामा दारूला शिवत पण नव्हते. त्यांना कामाच्या वारी एक मोकळी सकाळ पाहिजे होती, बास.

आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याला ३५-४० तासवाल्यापेक्षा लकव्याचा धोका ३५ टक्के जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ ला सांगितलंय. आपल्याकडं कायद्यात ४८, वर ओव्हरटाईम, मग ५५ कधी होतात कळत पण नाही. म्हणूनच बारा-बारा तासाच्या चार शिफ्टा लावून सुट्टी देतो म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, तास तेवढेच राहिले की शरीराला काय मिळालं?

आणि रविवार तरी कुठं आपसूक मिळाला, नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडून १८९० ला मिळवलाय तो.

तुमच्या शॉपमध्ये ओव्हरटाईम धरून किती तास भरतात ते लिहा की. वहिनींना विचारून लिहा, घरी कधी येता हे त्यांना बरोबर माहीत असतंय.