ड्रायव्हर होतो म्हणून सांगतो

काल दुपारी एका भल्या माणसाने गाडीची काच खाली करून मला ऐकवलं, "काका, तुम्ही रिटायर्ड आहात. आम्हाला मीटिंगला पोचायचं असतं."

मी तेव्हा रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून उभा होतो. मागे शाळेची बस थांबलेली. बसच्या तोंडाशी बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या मावशी, त्यांच्या एका हाताला माझी नात आणि दुसऱ्या हाताला सी विंगमधला पहिलीतला पोरगा. तो भला माणूसही सी विंगचाच. त्याचीही मुलगी शाळेच्या बसनेच जाते, फक्त तिची बस वेगळी.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला घेतलं होतं. पण तिथे दोन ओळींच्या वर कोणी वाचत नाही, आणि तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी शुभ रात्रीचं फूल टाकतं. म्हणून इथे लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी ३१ वर्षं एसटी चालवली. त्यातली बरीचशी नारायणगाव डेपोत. आता पुण्यात धायरीला मुलाकडे असतो आणि नातीला बसपर्यंत सोडणं-आणणं ही माझी ड्युटी. या ड्युटीला ओव्हरटाइम नाही, पण टेन्शन एसटीपेक्षा जास्त आहे.

आमच्या इथली भानगड अशी. बस धायरी फाट्याकडून वर चढते. आमचं गेट रस्त्याच्या उजव्या हाताला आणि बसचं दार डावीकडे. म्हणजे मुलं उतरणार समोरच्या किराणा दुकानापुढे, आणि घरी यायचं तर रस्ता ओलांडायलाच हवा. दुभाजक नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे एकदा मारले होते, ते एका पावसाळ्यात गेले. बस थांबली की ड्रायव्हर चारी इंडिकेटर लावतो. बसच्या उजव्या अंगाला एक लाल आठ कोनी पाटी आहे, थांबा म्हणणारी, तीही बाहेर येते. ती बाहेर आली की मागचे हॉर्न सुरू होतात. बहुतेकांना ती पाटी म्हणजे बसचा काहीतरी दागिना वाटत असावा.

चारचाकीवाले उजवीकडून निघतात. समोरून उताराने येणारे तर ब्रेकला पायच लावत नाहीत. पण सगळ्यात वाईट ते डावीकडून घुसणारे. बस आणि फुटपाथ यांच्यात दीड-दोन फुटांची फट राहते, त्यातून स्कूटर घालतात. बसची पायरी नेमकी तिथेच असते. म्हणून मावशी हल्ली आधी स्वतः उतरतात, मागून येणाऱ्यांकडे पाठ करून आडव्या उभ्या राहतात आणि मग एकेक मूल खाली घेतात. परवा एका स्कूटरचा आरसा त्यांच्या पाठीला घासून गेला. स्कूटर एका बाईंची होती आणि त्यांच्या पुढ्यात, पाय ठेवायच्या जागी, गणवेशातलं मूल उभं होतं. त्यांनाही शाळेचीच घाई.

एक दिवस मोजायचं ठरवलं. बस उभी राहते जेमतेम दीड मिनिट. न थांबता गेलेल्या गाड्या मोजताना दोन्ही हातांची बोटं संपली, मग सोडून दिलं. थांबले किती ते मात्र पक्कं लक्षात आहे. एक. केळीची हातगाडी.

मुलं सुखरूप पलीकडे गेली की मावशी बसच्या पत्र्यावर तळव्याने दोन थापा मारतात. एसटीत थांबायला एक बेल आणि सोडायला दोन. त्या दोन थापा ऐकल्या की अजूनही माझा डावा पाय क्लच शोधतो.

आता जुनी गोष्ट. साल ९८ किंवा ९९. पुणे-नाशिक रस्ता, दुपारी शाळा सुटायची वेळ. एका फाट्यावर दहा-बारा पोरं उतरली. फाट्यावर उतरलेलं पोर कधी चालत नाही, ते पळतं. एक जण माझ्या गाडीच्या तोंडापुढून पळाला, आणि तो मला दिसलाच नाही. लोकांना वाटतं ड्रायव्हर उंचावर बसतो, त्याला सगळं दिसत असेल. त्याला लांबचं दिसतं. बंपरला घासून चाललेलं साडेतीन फुटांचं पोर दिसत नाही. मला दिसली ती उजव्या आरशातली जीप, काठोकाठ भरलेली, सुसाट. मी हॉर्न दाबून धरला, दुसरं हातात काही नव्हतंच. नशिबाने कंडक्टर कुणाचं तरी टपावरचं पोतं उतरवून घ्यायला खाली गेला होता. त्याने पळत्या पोराचं दप्तर मागून धरलं. पट्टा तुटला, पोरगा मागच्या मागे ढुंगणावर बसला आणि जीप गेली. जीपवाल्याला या दोघांपैकी कोणीही दिसलं नसणार, कारण मध्ये माझी गाडी उभी होती.

पोरगा उठला तो कंडक्टरवरच खवळला. "पट्टा तोडला! आता आई मारंल मला!"

कंडक्टर हसला नाही. पुढच्या दोन थांब्यांवर तो बेल मारायला विसरला.

खरं सांगायचं तर त्या जीपवाल्याला शिव्या देण्याचा मला फारसा अधिकार नाही. चाकणच्या कोंडीत गाडी लेट असताना थांबलेल्या शाळेच्या बसला वळसा घालून मीही गेलोय, आणि एकदाच नाही. माणूस म्हणून मी वाईट नव्हतो, घरी दोन पोरं होती. पण स्टिअरिंगवर बसलं की समोर उभी असलेली गाडी ही फक्त अडचण असते, आणि तिच्या बाजूला जागा दिसली की हात आपोआप वळतो. ती का थांबलीय हा विचार नंतर येतो, पुढे निघून गेल्यावर. म्हणून ड्रायव्हर होतो म्हणून सांगतो, मुलांच्या बाबतीत ड्रायव्हरच्या भरवशावर राहू नका. माझ्याही नाही.

ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, "कायदे कडक पाहिजेत." कायदे आहेत हो. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, २८ मुलं गेली. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने आदेश काढले. ड्रायव्हर अनुभवी हवा, वारंवार चलन झालेला नको, बसमध्ये मुलांकडे बघायला माणूस हवा. मग २०११ मध्ये महाराष्ट्राने स्कूल बसची वेगळी नियमावली केली. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती, तिच्यात पालकांचा प्रतिनिधी. नियम चांगले आहेत, आमच्या मावशी बसमध्ये आहेत त्या या नियमांमुळेच. पण यातलं बहुतेक सगळं बसला सांगितलेलं आहे. बस अशी हवी, बसने हे करावं, बसमध्ये ते असावं. आणि बसच्या मागे हॉर्नवर अंगठा ठेवून बसलेला तो? नियम मोडून ओव्हरटेक करणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, पहिल्या वेळी १ ते ५ हजार दंड आणि कैदही होऊ शकते. पण आमच्या गल्लीत सकाळी सातला ते कलम लावायला कोण येणार?

लगेच कोणीतरी म्हणेल, अमेरिकेत बघा. बघून आलोय. पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला असतो, २०२२ मध्ये त्याच्याकडे दोन महिने राहिलो. तिथली मंडळी देखावे बघायला जातात, मी सकाळी चहाचा कप घेऊन शाळेची बस बघत बसायचो. बायको म्हणायची, इथे येऊनही तुम्हाला बसच दिसते!

पण बघण्यासारखंच होतं. थांबायच्या आधी बसचे पिवळे दिवे लुकलुकायला लागतात. थांबली की लाल दिवे लागतात आणि बाजूची ‘थांबा’ म्हणणारी पाटी बाहेर येते. मागच्या गाड्या थांबतात हे ठीक, समोरून येणाऱ्याही थांबतात. कमीत कमी २५ फूट लांब. मध्ये पक्का दुभाजक असेल तर पलीकडच्यांनी थांबायला नको, पण वेग ताशी १० मैलांवर आणायचा. मोडलं तर दंड आणि लायसन्सवर ५ पॉइंट. पुतण्या म्हणाला, "काका, इथे एवढ्या पॉइंटांनी इन्शुरन्सवाला रडवतो." मला सगळ्यात आवडली ती पुढच्या बंपरवरून बाहेर येणारी लांब पिवळी दांडी. ती आडवी आली की मुलांना बसला चिकटून जाताच येत नाही, दांडीला वळसा घालून लांबून जावं लागतं, म्हणजे ड्रायव्हरला दिसतील अशा जागेतून. ती दांडी बघितली आणि मला तो फाट्यावरचा पोरगा आठवला. साधी दांडी.

तिथल्या बसचा पिवळा रंगसुद्धा त्यांनी असाच विचार करून ठरवलाय. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि पहाटेच्या, संध्याकाळच्या अंधुक उजेडात उठून दिसेल असा रंग निवडला. आपल्या लाल डब्याला असं कोणी विचारून रंगवलं होतं का देव जाणे.

तर सांगायचा मुद्दा पुढेच आहे. एवढं सगळं असून तिथलेही लोक थांबत नाहीत. तिथे शाळेच्या बसचे ड्रायव्हर दरवर्षी एक दिवस मोजदाद करतात, किती गाड्या पाटी बाहेर असताना पुढे गेल्या. त्यावरून २०२२-२३ या शालेय वर्षाचा देशभराचा अंदाज निघाला ४ कोटींच्या वर. हे पुतण्यानेच मला नंतर फोनवर सांगितलं, जरा ओशाळून, जणू काही त्याचीच चूक होती.

आणि त्यानेच सांगितलेली तिथल्या इंडियाना राज्यातली घटना. ३० ऑक्टोबर २०१८, रोचेस्टर गावाजवळचा हमरस्ता, पहाटेचा अंधार. एकाच घरातली तीन भावंडं, नऊ वर्षांची बहीण आणि सहा वर्षांचे जुळे भाऊ, रस्ता ओलांडून बसकडे निघाली होती. दिवे चालू होते, पाटी बाहेर होती. समोरून पिकअप आला. चालवणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं की दिवे दिसले, पण ती शाळेची बस आहे हे कळलं नाही. तिन्ही मुलं गेली. मला त्या बाईंचं खोटं वाटत नाही. ३१ वर्षं मीही दिवेच बघत आलो.

त्यानंतर त्या राज्याने शिक्षा तर वाढवलीच, पण आणखी एक गोष्ट केली. अशा मोठ्या रस्त्यांवर, दुसरा सुरक्षित पर्याय असेल तर, मुलाला रस्ता ओलांडावा लागेल असा थांबाच ठेवायचा नाही. हे ऐकल्यावर मी पुतण्याला म्हटलं, हे कुणीतरी गाडी चालवलेल्या माणसाने सुचवलेलं असणार.

आमच्याकडे हेच करता येतं, आणि करून झालंय! गेल्या महिन्यात पाइपलाइनसाठी फाट्याकडचा रस्ता चार दिवस खोदला होता. बस वरच्या रस्त्याने वळसा घालून खाली उतरत यायची. म्हणजे बसचं दार आमच्या गेटच्या बाजूला. चार दिवस एकाही मुलाने रस्ता ओलांडला नाही. मावशी हसऱ्या, मी रिकामटेकडा, नात वैतागलेली, कारण तिला आजोबांचा हात आडवा धरायला मिळाला नाही. मी घड्याळ लावून बघितलं, वळशाला सहा मिनिटं जास्त लागली. चारही दिवस शाळेची घंटा व्हायच्या आत बस पोचली. पाचव्या दिवशी खड्डा बुजला आणि बस परत जुन्या वाटेने आली.

ड्रायव्हरला विचारलं. चांगला पोरगा आहे, मला मान देतो. म्हणाला, "काका, मला पटतंय, पण रूट मालक ठरवतो, आणि मालक डिझेल बघतो." शाळेच्या परिवहन समितीतल्या पालक प्रतिनिधीला शोधायला निघालो, तर कळलं त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वीच शाळा सोडून गेला. नवीन कोणाला नेमलंय का, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

दुसरा उपाय आणखी सोपा. बस गेटच्या आत घ्या. आत वळायला जागा आहे, मी पावलांनी मोजलीय, वाटलं तर स्वतः वळवून दाखवतो. सोसायटीच्या कमिटीचं म्हणणं, बस आत आली तर पेव्हर ब्लॉक दबतील. बरं. मग उन्हाळ्यात रोज येणारा १० हजार लिटरचा टँकर काय फुलांनी भरलेला असतो? नुसतं पाणीच दहा टन झालं. आमच्या बसमध्ये तिसरीच्या आतली वीस-बावीस मुलं आणि त्यांची दप्तरं. दप्तरं जड आहेत हे मान्य, पण इतकीही नाहीत.

ज्यांना वाटतं की मी उगाच रस्त्यात उभा राहून हिरोगिरी करतो, त्यांना एकच विनंती. एक दिवस दुपारी पावणेदोनला खाली या आणि माझ्याऐवजी उभे राहा. सी विंगमधल्या त्या मीटिंगवाल्यांनाही बोलावलंय, रागाने नाही, खरंच. मीटिंग संपली की या.

रविवारी अकराला क्लब हाऊसमध्ये सोसायटीची सभा आहे. बसचा विषय मी लेखी दिला होता, तो घेतलाय, चौथ्या नंबरला. पहिला विषय पार्किंगचे स्टिकर, दुसरा गणपतीची वर्गणी, तिसरा पेव्हर ब्लॉकची दुरुस्ती. टँकरने दबलेत म्हणे.