कॉपरबँड सोडला की ऐप्टेशिया संपला? जरा थांबा

‘कॉपरबँड बटरफ्लाय सोडा, आठवड्यात ऐप्टेशिया साफ’ असा मेसेज रीफ टँकवाल्यांमध्ये, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल पाळणाऱ्यांमध्ये फिरतोय. ऐप्टेशिया म्हणजे टाकीत तणासारखा पसरणारा छोटा ॲनिमोन, दगडाला चिकटलेला फुलासारखा समुद्री जीव. मेसेजमधलं अर्धंच खरं आहे. कॉपरबँड हा मासा ऐप्टेशिया खातो, पण प्रत्येक नग खाईलच असं नाही. काही तर त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि लांब तोंडाने दगडावरचे नळीकिडे तेवढे टिपत बसतात. विकत घेण्याआधी तो दुकानात गोठवलेलं खाणं खातोय का, ते समोर उभं राहून बघा. खात नसेल तर घरी आणून उपाशी मरायचा. फाइलफिश हा दुसरा मासाही ऐप्टेशिया खातो खरा, पण अधूनमधून कोरललाही तोंड लावतो. शिवाय फटीत, जिथे माशाचं तोंड पोचत नाही, तिथे बुडाचा इवला तुकडा उरला तरी नवा ऐप्टेशिया उगवतो. मजानो या ऐप्टेशियासारख्याच उपद्रवी ॲनिमोनसाठी तर कॉपरबँडच्या भरवशावर राहूच नका.