ब्रेक न मारता तुळजापूर

परवा चहाच्या टपरीवर मित्रानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय बे, हायवेला सत्तरनं चालवूलालास म्हणे? गाडी हाय का बैलगाडी?" सगळे हसले, मीपण हसलो. तिथं उत्तर द्यायला बसलो असतो तर चहा गार झाला असता, म्हणून इथं लिहितोय.

माझी गाडी साधी छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक. बॅटरी २४ युनिटची. युनिट म्हणजे तेच, घरच्या लाईटबिलावरचं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे फुल चार्ज करून निघालो तरी माझ्या टाकीत पावणेतीन लिटरसुद्धा नाही असं समजा! पेट्रोलचं इंजिन त्यातला मोठा हिस्सा उष्णतेतच घालवतं, मोटर फारसं वाया घालवत नाही, म्हणून एवढ्या शिदोरीवर दोनशेच्या आसपास किलोमीटर होतात. पण शिदोरी छोटी असली की घास-घास कळतो. पेट्रोलची गाडी चालवताना मला कधी वारा कळला नाही, चढ कळला नाही. आता पूल आला तरी कळतो.

हे वेड घरातलंच आहे. आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. तिथं केपीटीएल काढतात, म्हणजे दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर पडले. आप्पांचा ५० च्या वर असायचा आणि पगाराचा आकडा सांगणार नाहीत, पण हा सांगायचे. त्यांचं एकच म्हणणं, "ब्रेक मारला म्हणजे आधी डिझेल जास्त पाजलं होतं." मी तेव्हा मान हलवायचो. पटलं चाळिशीत, या गाडीच्या स्क्रीनवर आकडा हलताना बघून.

इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक लावला की थोडी वीज बॅटरीत परत जाते, त्याला रिजन म्हणतात. लोकांना वाटतं फुकटचे पैसे मिळाले. मी म्हणतो, ती दंडात मिळालेली सूट आहे. गेलं त्यातलं थोडं परत आलं, सगळं नाही. खरी मजा दंडच न भरण्यात. तामलवाडीचा टोलनाका लांबून दिसला की पाय हळूच उचलायचा, गाडी आपली घरंगळत जाते आणि रांगेच्या शेपटाशी जवळजवळ आपोआप थांबते. असं जमलं की मला जो आनंद होतो तो बायकोला समजावून सांगता आलेला नाही. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात मात्र हे काही चालत नाही. तिथं रिक्षा कुठून येईल ते रिक्षावाल्यालाही माहीत नसतं.

आता सत्तरचं. ७० वरून १०० वर गेलो की हवेचा विरोध दुप्पट होतो. माझ्या गाडीला ७० च्या वेगात एका युनिटला दहाएक किलोमीटर पडतात, १०० ला सातच्या आसपास. सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर, सलग शंभरनं गेलात तरी वाचतील अकरा-बारा मिनिटं. ती मिनिटं देवीच्या दर्शनरांगेत कुठं जातात ते पत्ताही लागत नाही. पण सत्तरनं जायचं तर डाव्या लेनमधून. उजवी लेन अडवून काटकसर करणारा हा काटकसरी नाही, आडमुठा आहे. आणि वारा कमी लागावा म्हणून ट्रकच्या बुडाला चिकटणारे पण बघितलेत. उसाच्या ट्रॅक्टरमागं एकदा चिकटून बघा, काच फुटली की सगळा हिशोब कळेल.

दुसरे एक महाभाग एसी बंद करून आकडा काढतात. सोलापुरात, मे महिन्यात, ४३ अंशात! अहो, माणसं भाजून काढण्यात कसलं कौशल्य? गंमत अशी की एसी तासावर वीज खातो, किलोमीटरवर नाही. समजा तासाला एक युनिट. चाळीसनं गेलात तर किलोमीटरमागं एसीचा खर्च सत्तरच्या पावणेदोनपट. म्हणून उन्हाळ्यात फार हळू जाण्यातली बरीच बचत एसीच खातो. मी काय करतो, सकाळी टायर गार असताना हवा बघून घेतो, गाडी सावलीत लावतो आणि एसी २५ वर ठेवून निवांत बसतो.

मागच्या महिन्यात आप्पांना घेऊन तुळजापूरला गेलो. चारजण होतो. तुळजापूर सोलापूरपेक्षा पावणेदोनशे-दोनशे मीटर उंच, नुसती ती उंची चढायला पाऊण युनिट लागतं. जाताना ५.६ युनिट गेले. येताना घाटात ब्रेकच्या पायाला काम नव्हतं, उतारावर नुसता पाय उचलला तरी वीज परत येत होती, तरी शेजारी बसलेल्या आप्पांचा उजवा पाय मॅटवर दाबतच होता. घरी पोचलो तेव्हा परतीचे ४.१. एकूण ९.७ युनिटमध्ये ९० किलोमीटर.

"केपीटीएल किती पडला मग?" आप्पांनी विचारलं.

मी मोबाईलवर गणित केलं. पेट्रोलच्या भाषेत दहा लिटरला आठशे तीसच्या आसपास. सांगताना आवाज जरा चढलाच असणार.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सीट किती बसतात?"

"चार. ओढून-ताणून पाच."

"हं," म्हणाले, आणि दार उघडून उतरले.