हात हलगीचाच आहे

गेल्या महिन्यात शाळकरी मुलांच्या तबला स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. परीक्षक दोघे, मी आणि माझ्याहून वयानं नि मानानं मोठे असलेले एक जण. दहा-बारा मुलं वाजवून गेली, मग तेरा वर्षांचा एक मुलगा येऊन बसला. तीनतालात सगळ्यांना पहिल्यांदा शिकवतात तोच कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना, त्यानं धरला, ‘धाधा तिट धाधा तूना’. पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या फिरवून केलेल्या मांडण्या, पाठ केलेले होते, तोवर वेगळं काही नव्हतं. पण दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, गेल्यावर त्यानं ‘तिट’वर असा काही आघात द्यायला सुरुवात केली की पेटीवर लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी एकच धून, धरणारा मुलगा मान वर करून बघायला लागला. अंगावर येणारं वाजवणं होतं ते. कच्चं, पण जिवंत.

वाजवून झाल्यावर मोठ्या परीक्षकांनी विचारलं, “घरी आणखी काय वाजवतोस?”

“बाबांच्या बरोबर हलगी.”

“वाटलंच मला. हात हलगीचाच आहे. तो सुटल्याशिवाय तबला यायचा नाही तुला. आधी ठरव काय व्हायचंय ते.”

मुलानं खाली मान घातली. त्याचे वडील दाराशी उभे होते, त्यांनीही ऐकलं. आणि मी, पस्तीस वर्षं तबला वाजवणारा, पंचवीस वर्षं शिकवणारा माणूस, शेजारच्या खुर्चीत गप्प बसलो. कागदावर गुण लिहिले आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

त्या गप्प बसण्यानं मला झोप लागलेली नाही. म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. हलगीचा हात आणि तबल्याचा हात यांत फरक आहे. हलगी काडीनं आणि टिपरूनं, म्हणजे जाडसर काठीनं, वाजते. तिथं जोर मनगटातून आणि कोपरातून येतो, आवाज फुटून बाहेर पडावा लागतो. तबल्याला बोटाची टोकं लागतात, चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, पडलेलं बोट क्षणात उचललं नाही तर नाद मरतो. तेव्हा “बाळ, मनगट सैल सोड, बोट दाबू नकोस” असं सांगणं हे शिक्षकाचं कामच आहे. तसं सांगितलं असतं तर मला काहीच म्हणायचं नव्हतं. पण तिथं हात दुरुस्त केला जात नव्हता. एक वाद्य वर आहे, एक खाली आहे आणि तू खालचा आहेस, हे त्या पोराला भर सभेत सांगितलं गेलं. हलगी आपल्याकडे कोणत्या वस्तीतून येते हे दाराशी उभ्या असलेल्या बापाला पुरतं ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. बोलणाऱ्यालाही होतं.

शास्त्रीय संगीत श्रेष्ठ आहे का, हा प्रश्न आपण गप्पांच्या बैठकीत चहासोबत घोळवतो. तो असा एखाद्या पोराच्या मानेवर येऊन बसतो, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं.

मी मिरजेचा. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर ज्या दर्ग्याच्या आवारात आहे, तिथं उरुसात चिंचेच्या झाडाखाली रात्रभर चालणाऱ्या गाण्यात मी लहानाचा मोठा झालो. तानपुऱ्याचे भोपळे वाळत घातलेली गल्ली माझ्या शाळेच्या वाटेवर होती. त्यामुळे शास्त्रीय संगीताला कमी लेखायला मी हे लिहीत नाही, ते माझं अन्न आहे. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे त्या संथ तालाचा एक फेरा, गायक जेव्हा निवांत भरत जातो, स्वर स्वराला लागून उमलत असतो, आणि तबल्यावर आपण फक्त ठेका धरून बसलेलो असतो, काही एक न करता, तेव्हा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येईपर्यंतचा जो काळ असतो तसा काळ मला जगात दुसरीकडे कुठं भेटलेला नाही. त्या एका समेसाठी मी तरुणपणी नोकरी सोडली. आजही तेच करीन.

पण ‘मला दुसरीकडे भेटलेला नाही’ हे माझ्या कानाबद्दलचं वाक्य आहे. त्यावरून दुसरीकडे तसं काही नाहीच, हे कसं ठरवायचं?

श्रेष्ठत्वाच्या बाजूनं मांडले जाणारे मुद्दे मी आयुष्यभर ऐकलेत, बरेच मीही मांडलेत. पहिला मुद्दा जुनेपणाचा. आपण आज ज्याला ख्याल म्हणतो तो दिल्लीला मुहम्मदशहा रंगीलाच्या दरबारात सदारंगांच्या बंदिशींनी बहरला, म्हणजे अठराव्या शतकात. त्याच्या सहाशे वर्षं आधी, बाराव्या शतकात, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ या आपल्या संस्कृत ग्रंथात नोंद केलीय की महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात. राजानं लिहिलेला ग्रंथ, आणि त्यात मुसळ हातात घेतलेल्या आमच्या बायकांचं गाणं! पुढं तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याला आपण शास्त्राचा आधारस्तंभ मानतो. त्या ग्रंथातही देशी संगीत, म्हणजे मुलखामुलखांत लोक आपापल्या आवडीनं गातात ते, मानानं बसलेलं आहे. जुनेपणावरच मान द्यायचा तर पहिला पाट माझ्या आजीच्या जात्याला मांडावा लागेल.

दुसरा मुद्दा, अवघड आहे म्हणून श्रेष्ठ. अवघड आहेच. पण ख्याल जेव्हा नवा होता तेव्हा धृपदियांना, म्हणजे जुनं धृपद गाणाऱ्यांना, तो हलका वाटायचा. ख्यालाला मान मिळाला, मग ठुमरी हलकी ठरली. ठुमरी मैफलीत रुळली, मग नाट्यपद हलकं. ज्या पेटीवाचून आज ख्यालाची मैफल क्वचितच बसते, त्या पेटीला आकाशवाणीनं 1940 साली बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं चालली. दर पिढीत कुणीतरी उंबऱ्यावर उभं राहून आत कोण यायचं ते ठरवतं, आणि पुढच्या पिढीत बाहेरचा आत येऊन तोच उंबऱ्यावर उभा राहतो.

आणि ही उतरंड बाहेरच्यांपुरती थांबत नाही, ती आतही आहे. तबलजीला विचारा. माझ्या ऐन उमेदीत एका मैफलीच्या पत्रिकेवर गायकाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, निवेदकाचं होतं, हार घालणाऱ्या पाहुण्यांचं होतं. माझं नव्हतं. ‘साथसंगत’ असाही शब्द नव्हता. दोन तास मी त्या गायकाच्या श्वासाला श्वास लावून बसलो होतो. ते दुःख ज्यानं सोसलंय त्यानं तरी हलगीवाल्याच्या पोराशी असं वागू नये. मी वागलो, कारण गप्प बसणं हेही वागणंच आहे.

थिरकवाँसाहेबांचं नाव घेतलं की आम्ही तबलेवाले कानाची पाळी पकडतो. अहमदजान थिरकवाँ. हा माणूस गंधर्व नाटक मंडळीत वाजवायला होता. समोर पिटातले प्रेक्षक, ‘वन्समोअर’चा गजर, आणि बालगंधर्वांच्या पदाला थिरकवाँचा ठेका. त्या पदांच्या चाली भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयानं बांधलेल्या. आज ज्याला आपण शुद्ध आणि उपशास्त्रीय म्हणून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, ते सगळं एका रात्री एकाच रंगमंचावर घामेजून उभं असायचं. थिरकवाँसाहेबांचा हात त्यानं बिघडला नाही.

श्रेष्ठत्वाचा आग्रह धरून एकदा देशानं करूनही पाहिलंय. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपले मराठी, गाण्याचे जाणकार, हेतू स्वच्छ. लोकांच्या कानावर चांगलं संगीत पडावं म्हणून त्यांनी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करवला. त्याचे उपकार मी विसरणार नाही, माझ्या वडिलांनी अर्ध्या हिंदुस्थानातले गवई त्या कार्यक्रमात ऐकले. पण त्याच वर्षी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. मग काय झालं? लोकांनी रेडिओची सुई चित्रपटगीतं लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे फिरवली. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाली आणि घराघरांत गेली. अखेर 1957 मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. माझ्या मते त्यात नुकसान चित्रपटगीतांचं झालं नाही, आमचं झालं. कारण त्या पाच वर्षांत असंख्य लोकांच्या मनात शास्त्रीय संगीत म्हणजे ‘आपल्यावर लादलेलं’ असं बसलं. जे प्रेमानं ऐकायचं ते शिक्षा म्हणून ऐकवलं गेलं. अजूनही “मला त्यातलं काही कळत नाही हो” असं सांगताना लोक अपराध्यासारखा चेहरा करतात, तेव्हा मला वाईट वाटतं. गाणं ऐकायला आलेल्या माणसाला अपराधी कशासाठी वाटावं?

आणि त्याच काळात देवासला कुमार गंधर्व होते. क्षयानं अंथरुणाला खिळलेले, गाणं बंद. बाहेरून माळव्याच्या बायकांची गाणी कानावर येत होती. बऱ्या झालेल्या कुमारांनी ती गाणी गोळा केली, लिहून काढली, आणि त्या धुनांच्या पोटात लपलेले राग बाहेर काढले. ते लोकगीतांवर उपकार करायला गेले नव्हते, शिष्य म्हणून गेले होते. याच कुमारांनी लताबाईंवर लिहिताना तीन-साडेतीन मिनिटांचं चित्रपटगीत आणि खानदानी गवयाची तीन-साडेतीन तासांची मैफल यांचं कलामूल्य आणि आनंदमूल्य एकच मानलं. कुमारांपेक्षा शास्त्र जास्त कळणारं आज कोण आहे?

मग सगळं सारखंच का? नाही. मी तसं म्हणत नाही. ख्याल बेसूर असू शकतो, लावणी भिकार असू शकते, चित्रपटगीत चोरलेलं असू शकतं. चांगलं आणि वाईट हा भेद मी शेवटपर्यंत करणार. पण तो भेद प्रत्येक गाण्याच्या घरात शिरून, त्या घराच्या रीतीनं करायचा. बैठकीची लावणी यमुनाबाई वाईकर बसून गायच्या, तिची अदा ज्याला कळत नाही त्यानं फक्त तानांची मोजदाद करून तिला गुण देऊ नयेत. तसे गुण दिले तर कळतं ते एवढंच, की परीक्षकाला तानाच मोजता येतात.

परवाच्या रविवारी त्या मुलाच्या गावी गेलो. फोन करून गेलो, अचानक नाही. आधी त्याच्या वडिलांची माफी मागितली. ते म्हणाले, “सोडा की मास्तर, नवं काय हाय त्यात.” ते ‘नवं काय हाय’ माझ्या पोटात गेलं. मुलगा त्या दिवसापासून तबल्याला बसलेला नव्हता. तबल्याची जोडी कपाटावर, कापडात गुंडाळलेली.

गावात जत्रा होती, संध्याकाळी कुस्त्यांचं मैदान. वडील वाजवणार होते. मी सोबत गेलो. कुस्ती मी आधीही पाहिलीय, कोल्हापूरच्या खासबाग मैदानावरही पाहिलीय. शाहू महाराजांनी ते मैदान बांधलं, त्याच्या पाठीला पाठ लावून नाटकाचं थिएटर बांधलं, आणि त्याच महाराजांनी गवई अल्लादिया खाँसाहेबांना आपल्या दरबारात ठेवून घेतलं. एका माणसाच्या मनात हे तिन्ही मावत होतं. पण मैदानात बसून मी आजवर पैलवान बघितले होते. हलगीवाल्याकडे पहिल्यांदाच बघत होतो.

आधी त्यांनी उसाचं पाचट पेटवून त्यावर हलगी धरली, फिरवली, टिचकी मारून कानाशी नेली, परत धरली. आम्ही हातोडीनं तबल्याच्या वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून स्वर लावतो, ते जाळावर लावतात. मग पहिली जोड लागली. खडाखडी, म्हणजे पकडीआधीची चाचपणी, चालू होती तोवर हलगी नुसती चालल्यासारखी चालत होती. एकानं पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, झेप घेतली आणि हलगी त्याच्या झेपेबरोबर उसळली. मागून नाही, बरोबर. दुसऱ्यानं पकड सोडवली, तशी ती एका आघातावर थांबली, अर्धा श्वास मोकळा सोडला आणि पुन्हा चालायला लागली. तो अर्धा श्वास! त्या जागेसाठी आम्ही वर्षानुवर्षं घासतो. गायक समेवर येताना तबल्यानं किती बोलायचं आणि कुठं गप्प राहायचं, हाच आमचा सगळा अभ्यास. तो इथं मातीत, धुळीत, हजार माणसांच्या ओरड्यात चालला होता. आणि कायदा कुठला, तर समोरच्या दोन माणसांची अंगं पुढच्या क्षणी काय करतील तो.

मुलगा माझ्या शेजारी बसला होता. मी त्याला म्हटलं, “तुझ्या ‘तिट’मध्ये हे होतं. तो आघात सोडू नकोस. बोट मात्र उचलायला शीक, ते मी शिकवतो.” तो काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

नारळाच्या बक्षिसावरच्या लहान पोरांच्या कुस्त्या सुरू झाल्या तेव्हा वडिलांनी हलगी माझ्या गळ्यात घातली. मी नको म्हणत होतो. डाव्या हातात बारीक काडी, उजव्यात टिपरू. पस्तीस वर्षांची तालीम, आणि मला चार मात्रा नीट धरता येईनात, कारण मी मात्रा धरत होतो. पोरं झटत होती एका लयीत, मी वाजवत होतो दुसऱ्याच. आजूबाजूची माणसं हसली नाहीत, फक्त बघत राहिली. वडील मागून आले, माझं मनगट धरलं आणि कानाशी म्हणाले, “मास्तर, हाताकडं काय बघताय? पोरांच्या पायाकडं बघा.”