गोवर अंगावर काढून मूल ‘घट्ट’ होत नाही

माझा भाचा अकरा महिन्यांचा आहे. त्याच्या लसीकरण कार्डावर आधीचे सगळे चौकोन भरलेत, नर्सबाईंच्या बारीक अक्षरात तारखा टाकून. नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा चौकोन तेवढा कोरा आहे. मावशीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला, वहिनीने तो वाचला, आणि तेव्हापासून आशाताई दोनदा दारातून परत गेल्या. दादा म्हणतो, तिला नको वाटतंय तर जबरदस्ती कशाला. आई म्हणते, एवढ्यावरून घरात वाद नको. मला मात्र हा वाद हवाच आहे, कारण ज्याच्यासाठी घालायचा त्याला अजून बोलता येत नाही.

मेसेज असा: गोवर पूर्वी घरोघर व्हायचा, साधा आजार आहे, एकदा अंगावर निघून गेला की मूल आतून घट्ट होतं. लसीत पारा असतो. लसीने ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होतो. पुढे जाऊन मूल होत नाही. आणि लस घेतलेल्यांनाही गोवर होतोच, मग टोचायची कशाला? शेवटी ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’. आमच्या घरातल्या आईपर्यंत तो पोहोचला, म्हणून लिहितेय.

वहिनीला सगळ्यात पटला तो पहिलाच मुद्दा.

आमच्या आजीची सात बाळंतपणं. जगली पाच. मावशीच्या पाठची बहीण दीड वर्षाची असताना गोवराने गेली. हे सांगताना आजीचे निवडणारे हात ताटातच थांबायचे. घरातल्या सगळ्या पोरांना एकदमच गोवर निघाला होता. दाराला कडुलिंबाचे डहाळे, फोडणी बंद, सगळं रीतीप्रमाणे. मोठ्यांचं पुरळ वाळलं. या पोरीचं दिसेनासं झालं आणि छाती भात्यासारखी उडायला लागली. ‘गोवर आत गेला,’ आजी म्हणायची. त्याला आज डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात, आणि गोवराने मुलं दगावतात ती बरीचशी अशीच: न्यूमोनियाने, जुलाबाने, कधी मेंदूला सूज येऊन. घरोघर व्हायचा हे खरंच. त्यात मुलं जायची, हे मेसेज लिहिणाऱ्याने गाळलंय. जी वाचली तीच आज सांगायला आहेत की ‘आम्हाला झाला होता, आम्हाला काय झालं?’

आता ‘घट्ट’. खरं याच्या बरोबर उलट आहे, आणि ते मोजून पाहिलेलं आहे. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये गोवराची साथ आली. तिथे धर्मश्रद्धेमुळे लस न घेणारा एक समाज आहे. त्यातल्या ७७ मुलांचं रक्त गोवर होण्याआधी घेतलेलं होतं, ते गोवर होऊन गेल्यावर साधारण दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं. हा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. आधी होऊन गेलेल्या इतर आजारांविरुद्ध त्या मुलांच्या अंगात ज्या अँटिबॉडीज होत्या, त्यांतल्या ११ ते ७३ टक्के गोवरानंतर नाहीशा झाल्या होत्या. कुणाच्या थोड्या, कुणाच्या तीन चतुर्थांशाच्या जवळपास. लस घेतलेल्या मुलांमध्ये अशी घट दिसली नाही.

म्हणजे पोराने सर्दी-खोकले, ताप, जुलाब सोसून जे कमावलं, ते गोवर पुसून टाकतो. मग तेच आजार त्याला नव्याने गाठतात. आजी म्हणायची, गोवर झालेलं पोर वर्षभर सावरत नाही. तिला अँटिबॉडी हा शब्द ठाऊक नव्हता, पण तिने पाहिलं होतं ते हेच. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, एवढं मेसेजमधलं मला मान्य आहे. पण एका आजारापासून सुटका मिळवायला त्याच आजाराच्या तोंडी मूल द्यायचं, हा कुठला सौदा?

वहिनीचं म्हणणं, निदान दोन वर्षांचा होऊ दे, आणि आसपास कुठे गोवर दिसला तर लगेच देऊ. नऊ महिने ही वेळ उगाच ठरलेली नाही. आईकडून पोटात असताना मिळालेलं संरक्षण तोवर ओसरत आलेलं असतं. तिथून दोन वर्षांपर्यंत बाळ उघडं ठेवायचं का? आणि ‘दिसला तर’ हेच गोवरात जमत नाही. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रोगी तो पसरवत असतो, तेव्हा दिसते ती नुसती सर्दी आणि लाल डोळे. खोकणारा माणूस खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. हे जुन्या काळातलं नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीला मुलं दगावली, तेव्हा साथ आटोक्यात आणायला लहान मुलांना जादा डोस द्यायची वेळ आली.

बाकीचं भराभर सांगते. ऑटिझमची आवई १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या लेखावरून उठली. त्यात मुलं होती १२. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं पाहिली, लस आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही. मूल बोलत नाही, नजर देत नाही हे साधारण दुसऱ्या वर्षात लक्षात येतं, आणि दुसरा डोसही त्याच सुमाराला असतो, १६ ते २४ महिन्यांत. आईबाप दोन्हीची सांगड घालतात, हे मी समजू शकते.

मूल होत नाही म्हणे. आपल्याकडे गोवराची लस १९८५ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. तेव्हा टोचून घेतलेल्यांची मुलं आज कॉलेजात आहेत. रुबेलाची लस तर होणाऱ्या बाळासाठीच आहे. गरोदरपणी, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदू किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकतं.

लस घेऊनही गोवर होतो, यात अर्धं सत्य आहे. नऊ महिन्यांच्या डोसने शंभरातल्या साधारण ८५ मुलांना संरक्षण मिळतं. म्हणून तर दुसरा डोस. डोसनंतर आठ-दहा दिवसांनी काहींना ताप येतो, बारीक पुरळ उठतं, हेही खरं.

राहिला पारा. या लसीत तो नाहीच. कुपीत भुकटी असते, ती ऐनवेळी द्रावणात विरघळवतात, आणि जंतू मारणारं काही त्यात नसल्यामुळे चार तासांत वापरावी नाहीतर फेकावी लागते. धोका असतो तो इथे, आणि तो मी लपवणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात ही लस दिल्यावर तीन बाळं दगावली. कुप्या हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवल्याचं पुढे आलं, हाताळणाऱ्यांवर कारवाई झाली. ही बातमी ऐकून आईचं काळीज हललं तर तिला अडाणी म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्यावर करायचं ते एवढंच, की नर्सबाईंना विचारायचं, कुपी कधी फोडली? वेळ कुपीवर लिहिलेली असते. विचारायला लाजायचं नाही.

काल मावशीला फोन केला. म्हणाली, ‘अगं, मला कुणीतरी पाठवला, मी पुढे पाठवला.’ मी तिच्या त्या बहिणीबद्दल विचारलं. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिचं झबलं आईने पेटीत ठेवलं होतं.’

मेसेज अजून ग्रुपवर आहे. मावशीने तो काढावा आणि वहिनीला फोन करून ते झबल्याचं सांगावं, एवढंच माझं तिच्याकडे मागणं आहे. राहून गेलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो, आमचे तर दोनच महिने गेलेत. उपकेंद्रात बुधवारी लसीकरण आहे. मी रजा टाकली आहे. दादा, कार्ड शोधून ठेव.