'स्विच म्हणजे एक डबा': वास्कोहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव दिलेले नाही, 'वास्कोतला जुना नेटवर्कवाला' एवढेच लिहिले आहे. वीस वर्षे हे काम करता म्हणता, म्हणजे माझ्याहून मोठेच, म्हणून दादा म्हणतो. प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचून लिहिलेली आहे आणि तिच्यातला एक मुद्दा माझी सरळ चूक दाखवतो. दोन ओळींत आभार मानून मोकळे व्हावे असे वाटले नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्विच-राउटरचे आतले भाग, म्हणजे चासिस (बाहेरचा सांगाडा), स्लॉट, कार्ड, पॉवर सप्लाय, पंखे, सेन्सर, पोर्ट, हे सगळ्या कंपन्यांसाठी एकाच साच्यात कसे मांडावेत, असा तो लेख होता. दादांचे म्हणणे असे: स्विच म्हणजे एक डबा. पिंग लागतो का, म्हणजे हाक मारली की उपकरण उत्तर देते का, आणि पोर्ट वर आहे की खाली, म्हणजे चालू आहे की बंद, एवढे कळले की पुरे, बाकीचे भागांच्या आत भागांचे झाड पुस्तकी आहे. दुसरे, प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, त्यामुळे सामाईक साचा केला की नेमकी कामाची माहिती गळून पडते. तिसरे, मी भागाची ओळख म्हणून इंडेक्स वापरा असे लिहिले, आणि तो रीबूटनंतर बदलतो. शेवटी स्टॅकबद्दल, म्हणजे अनेक स्विच जोडून एकासारखे चालवतात त्याबद्दल, एक प्रश्नही आहे.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे वाद नाही. तुमचे बरोबर आहे. एंटिटी मिब, म्हणजे देखरेखीच्या सॉफ्टवेअरला माहिती देण्यासाठी ठरलेला मानक तक्ता, उपकरणातल्या भागांची जी यादी देतो, तिच्यातला इंडेक्स हा त्या यादीपुरता क्रमांक. रीबूटनंतरही तोच राहील यावर विसंबता येत नाही. फर्मवेअर बदलले, कार्ड काढून पुन्हा बसवले, की आकडे सरकू शकतात, आणि मग काल ज्या क्रमांकावर पंखा होता तिथे आज तापमानाचा सेन्सर येऊन बसतो. इंटरफेसच्या इंडेक्सचेही तेच दुखणे, म्हणून तर तो कायम ठेवायला काही कंपन्यांनी वेगळी कमांड दिली आहे. लेखातला तो परिच्छेद मी आज सकाळी बदलला आणि बदल तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाला असे खाली नोंदवले.

पण मग ओळख कशावर ठेवायची? तुम्ही म्हणता सिरियल नंबरवर. अर्धे पटते. एंटिटी मिबच्या २०१३ च्या आवृत्तीत, आरएफसी ६९३३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांची क्रमांक दिलेली कागदपत्रे), प्रत्येक भागासाठी यूयूआयडीचा, म्हणजे जगात एकमेव अशा ओळख क्रमांकाचा, रकाना आला, पण त्याआधीच्या उपकरणांकडून तो मिळणार नाही. सिरियल बहुतेक ठिकाणी मिळतो. एसएफपीच्या, म्हणजे फायबर जोडायला पोर्टमध्ये बसवतात त्या काढत्या-घालत्या छोट्या भागाच्या, पोटातल्या छोट्या मेमरीत ६८ ते ८३ हे सोळा बाइट त्यासाठीच राखलेले असतात. स्वस्तातल्या 'चालतील अशा' एसएफपींमध्ये मात्र ते सोळा बाइट कोरे असलेले, किंवा दोन नगांवर एकच सिरियल असलेला, मी स्वतः पाहिला आहे. म्हणून उत्पादक, पार्ट नंबर आणि सिरियल ही तिन्ही मिळून ओळख धरावी, आणि तीही न जुळली तर सॉफ्टवेअरने गप्प बसू नये, माणसाला विचारावे.

सिरियल 'अर्धे' पटते असे म्हणालो, कारण त्याने भाग ओळखता येतो, जागा नाही. माझ्या लेखात हे पुरेसे ठसठशीत आले नव्हते: सॉफ्टवेअरमध्ये जागा आणि त्या जागेवर बसलेली वस्तू या दोन वेगळ्या नोंदी हव्यात. एकीत दुसरी मिसळली की पुढचे सगळे बिघडते.

तुम्ही गोव्यातले, म्हणून माटोळीचे उदाहरण देतो. आमच्या घरी चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी बांधतात, तिची लाकडी चौकट आजोबांच्या वेळची आहे. तिला लटकणारे नारळ, सुपारीचे घोस, रानातून आणलेली फळे दरवर्षी नवी. बांधून झाले की आजी खालून बघायची आणि एखादा कोपरा मोकळा राहिला असेल तर लगेच विचारायची, 'तिथलं तोरिंग कुठं गेलं?' चौकट तिला पाठ होती, म्हणून न लागलेले फळही तिला दिसायचे. फक्त लटकलेल्या फळांची यादी हातात असती, तर ते कमी आहे हे कुणालाच कळले नसते.

आता तुमचा पहिला आक्षेप, डब्याचा. याला उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो. जागा काणकोण तालुक्यातली, ग्राहकाचे नाव सांगत नाही. दोन पॉवर सप्लायचा स्विच, जिन्याखालच्या खोलीत, भिंतीला ओल. जुलैत एका रात्री साडेअकराला सगळे बंद. पावसात तासभर गाडी चालवून पोचलो, रॅक उघडला. पहिल्या पॉवर सप्लायचा दिवा विझलेला, दुसऱ्याचाही. दुसरा त्याच रात्री यूपीएस बदलताना गेला होता, हे वासावरूनच कळत होते. पहिल्याच्या जाळीवर मात्र ओलीने चिकटलेल्या धुळीचा सलग थर होता, म्हणजे त्यातून वारा जाऊन बराच काळ लोटला होता. मागे कंदील धरून उभा असलेला वॉचमन म्हणाला, 'हो दिवो मे म्हयन्या सावन पेटना.' मेच्या शेवटी पावसाआधीचा मोठा गडगडाट झाला होता, तेव्हापासून.

जवळजवळ दोन महिने स्विच एका पायावर उभा होता, आणि आमच्या पडद्यावर तो पूर्ण वेळ हिरवा. पिंग लागत होता. पोर्ट वर होते. तुमच्या निकषाने सगळे ठीक.

दुसऱ्या दिवशी लॉग चाळले तेव्हा कळले ते जास्त लागले. आमच्या सॉफ्टवेअरला पॉवर सप्लाय माहीत होते! दर रात्री ते उपकरणाकडून भागांची यादी मागत होते. मेमधल्या त्या रात्री मेलेला पॉवर सप्लाय यादीतून गायब झाला, आणि सॉफ्टवेअरने त्याची ओळ निमूटपणे पुसून टाकली. यादीत नाही म्हणजे अस्तित्वात नाही, असा त्याचा हिशेब. त्याच्याकडे फळांची यादी होती, चौकट नव्हती.

एंटिटी मिब लिहिणाऱ्यांनी हे आधीच ओळखले होते, आणि म्हणूनच मला त्या मानकाबद्दल इतका आदर वाटतो. १९९० च्या दशकापासून त्यात भागांच्या प्रकारांची एक साधी यादी आहे: चासिस, बॅकप्लेन, कंटेनर, पॉवर सप्लाय, पंखा, सेन्सर, मॉड्यूल, पोर्ट, स्टॅक. सीपीयू पुढे आला, बॅटरी आणि स्टोरेज ड्राइव्ह त्याहून उशिरा. यातला कंटेनर म्हणजे जागा. मानक स्पष्ट सांगते की काढता येणारा प्रत्येक भाग कंटेनरच्या आत दाखवावा, आणि रिकामे कंटेनरही यादीत असावेत. प्रत्येक नोंदीत 'मी कशाच्या आत आहे' हा रकाना असतो आणि 'तिथे कितव्या क्रमांकावर' हाही. तुम्ही ज्याला पुस्तकी झाड म्हणता ते या दोन रकान्यांतून उभे राहते. उपकरणांनी ते नीट भरले तर मेलेला पॉवर सप्लाय यादीतून गेला तरी त्याचा स्लॉट मागे उरतो, आणि 'स्लॉट एक, रिकामा, कालपर्यंत भरलेला' असा इशारा त्याच रात्री देता येतो.

उपकरणे ते नीट भरत नाहीत, हे मान्य. काही कंपन्या स्लॉट गाळून मॉड्यूल थेट चासिसखाली टांगतात. काही 'कितव्या क्रमांकावर' या रकान्यात उणे एक भरतात, म्हणजे माहीत नाही. तिथे सॉफ्टवेअरने स्वतःच्या बाजूने चौकट ठेवावी लागते: या मॉडेलच्या स्विचला पॉवर सप्लायच्या जागा दोन, पंख्यांच्या तीन. एकदा हाताने भरायचे, मग त्या मॉडेलच्या प्रत्येक स्विचला ते लागू. नंतरची मानकेही याच वाटेने गेली आहेत. २०१८ च्या आरएफसी ८३४८ मधले यांग मॉडेल (यांग ही उपकरणांची माहिती कशी मांडावी हे लिहायची भाषा) भागाला इंडेक्सऐवजी नावाने ओळखते, आणि भाग बसण्याआधीच 'या पालकाच्या आत, या क्रमांकावर, या प्रकारचे काहीतरी येणार' असे लिहून ठेवायची सोय देते. ओपनकॉन्फिग या, नेटवर्क चालवणाऱ्यांच्या गटाने केलेल्या सामाईक मॉडेलमध्ये तर जागा रिकामी आहे का, यासाठी वेगळा रकाना आहे.

पॉवर सप्लाय हे तसे सोपे उदाहरण. एसएफपीचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे, आणि मला वाटते तुमच्या रोजच्या कामालाही तेच जास्त भिडेल.

पोर्ट ४९ मध्ये एक एसएफपी बसवला आहे. आपण बोलताना सगळ्याला 'पोर्ट ४९' म्हणतो, पण तिथे तीन गोष्टी एकावर एक आहेत: धातूचा पिंजरा ही जागा, एसएफपी ही वस्तू, आणि आकडे मोजणारा इंटरफेस, जो फक्त तर्कातला. आता त्यातून येणारे आकडे बघा. किती बाइट गेले, किती चुका झाल्या, हे इंटरफेसचे. एसएफपीचे तापमान, लेझरला लागणारा बायस करंट, बाहेर जाणारा प्रकाश, हे एसएफपीचे स्वतःचे. आणि आत येणारा प्रकाश? तो मोजतो हा एसएफपी, पण तो सांगतो पलीकडच्या एसएफपीबद्दल आणि मधल्या फायबरबद्दल. म्हणजे ते मोजमाप दुव्याचे.

आमच्याकडे हे सगळे आकडे पोर्टच्या नावाने साठत होते. फोंड्याच्या एका दुव्यावर बायस करंट महिनोन्महिने चढत गेला, लेझर म्हातारा होत असल्याची ती नेहमीची खूण. तंत्रज्ञाने एसएफपी बदलला, आलेख एकदम खाली आला, सगळे खुश. काढलेला एसएफपी सुट्या भागांच्या खोक्यात गेला, कारण तो 'चालत होता'. पुढे कुणीतरी तोच मडगावला नेऊन लावला. तिथे दुवा अधूनमधून पडू लागला, आणि आम्ही तीन दिवस फायबर तपासत बसलो. त्याचा सगळा इतिहास आमच्याकडे होता, फक्त फोंड्याच्या पोर्ट ४९ च्या नावावर. वस्तूची वेगळी नोंद असती, तर मडगावला एसएफपी बसवताक्षणी सिरियल जुळून जुना आलेख त्याच्यासोबत आला असता. पोर्ट वर की खाली, यावर हे कधीच दिसले नसते.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचे उत्तम उदाहरणही प्रकाशाचेच. सेन्सरसाठीचे सामाईक मानक, आरएफसी ३४३३, २००२ चे. त्यात एककांची यादी आहे: व्होल्ट, अँपियर, वॉट, सेल्सियस, आर्द्रतेचे टक्के, पंख्याचे फेरे वगैरे. डीबीएम, म्हणजे प्रकाशाची ताकद सांगायचे एकक, नाही. फायबरवर काम करणारा माणूस मात्र डीबीएममध्येच बोलतो. म्हणून सिस्कोने स्वतःच्या सेन्सर मिबमध्ये डीबीएम घातले, इतरांनी आपापल्या वाटा काढल्या. सामाईक तेवढेच घेणारे सॉफ्टवेअर इथे आंधळे होते, तुमचे अगदी बरोबर.

पण यावरून सामाईक साचा टाकून द्यावा असे मला वाटत नाही. आकडा, त्याचे एकक, दशांशाची जागा आणि तो कोणत्या भागाला टांगला आहे, एवढे सामाईक ठेवावे. तो कुठल्या कंपनीच्या कुठल्या तक्त्यातून उचलला, हे त्या कंपनीसाठी लिहिलेल्या छोट्या तुकड्यात राहू द्यावे. उणे २० डीबीएम म्हणजे १० मायक्रोवॉट, रूपांतर एका ओळीचे. फक्त शून्य प्रकाशाला डीबीएम नसतो हे लक्षात ठेवावे लागते. एसएफपी मोजतो ते ०.१ मायक्रोवॉटच्या पायरीने, आणि ती पायरी म्हणजे उणे ४०. म्हणून अनेक उपकरणे अंधार असला की उणे ४० दाखवतात. सॉफ्टवेअरने त्याला खरे मोजमाप समजून सरासरीत घातले, की महिन्याचा आलेख खोटा बोलू लागतो. कंपनीनिहाय तुकड्याने तो आकडा 'प्रकाश नाही' असा भाषांतर करून आत पाठवायला हवा. माहिती गळते ती बहुतेक वेळा अशा भाषांतरात, आणि तिथे तुमच्यासारख्या अनुभवी माणसांनी लक्ष घालावे असे मला मनापासून वाटते.

आता स्टॅक. तुम्ही विचारले, 'तीन स्विच स्टॅकने जोडले, आयपी एक. तुमच्या साच्यात तो एक डबा की तीन?' देखरेखीसाठी एक, कारण आयपी एक, कॉन्फिगरेशन एक. वस्तू म्हणून तीन, कारण सिरियल तीन, वॉरंटी तीन, आणि विजेने जळताना एकच जळतो. वर स्टॅक या प्रकारची एक नोंद, तिच्या आत तीन चासिस, प्रत्येकाच्या आत त्याचे स्लॉट. मास्टर, म्हणजे स्टॅकचा प्रमुख स्विच, बदलला तर काही उपकरणे स्वतःचा सिरियल म्हणून नव्या मास्टरचा देतात, आणि सॉफ्टवेअरला वाटते नवेच उपकरण आले. म्हणून स्टॅकची ओळख मास्टरच्या सिरियलवर बांधू नका, तिन्ही सिरियलच्या संचावर बांधा. एखादा सदस्य बदलला तरी उरलेले दोन जुळतात.

तुमच्या स्टॅकमध्ये सदस्य क्रमांक हाताने ठरवून दिलेत की आपोआप पडलेत, ते कळवा. आपोआप पडले असतील तर येत्या पावसाआधी ते पक्के करून घ्या, कारण वीज जाऊन तिन्ही एकदम उठले की क्रमांक बदलू शकतात, आणि मग 'सदस्य दोन' म्हणून आलेला इशारा घेऊन माणूस रॅकमधल्या भलत्याच स्विचपाशी जाऊन उभा राहतो.